नेब्रास्काला नेमकं काय परत हवंय?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन शहरातल्या विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये ३ नोव्हेंबर १९६२ पासून फुटबॉलच्या घरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. कोविडचा, रिकाम्या गॅलऱ्यांचा हंगाम या हिशेबात धरत नाहीत. आणि अलीकडे काही वेळा उरलेली तिकिटं देणगीदारांच्या गळ्यात घालून आकडा शाबूत ठेवला गेला, हेही तिथे कुणापासून लपलेलं नाही. तरीही चारशेच्या वर सामने सलग भरलेले. या संघाने आपली कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या ज्या गटात तो खेळतो तो गट, शेवटची जिंकली ती १९९९ मध्ये. त्यानंतर जन्मलेली मुलं आता कॉलेजमधून बाहेर पडली, नोकरीला लागली, आणि लाल टी-शर्ट घालून त्याच गॅलरीत येऊन बसतात. त्यांनी जे कधी पाहिलंच नाही, ते परत येण्याची वाट बघत.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, अकरा विरुद्ध अकरा, दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न. खेळाडू विद्यापीठाचे विद्यार्थी, पण स्टेडियम ऐंशी-पंच्याऐंशी हजारांचं आणि मुख्य प्रशिक्षकाचा पगार राज्याच्या गव्हर्नरच्या कितीतरी पट. नेब्रास्कात याला आणखी एक कारण आहे. राज्याची वस्ती जेमतेम वीस लाखांची, मका-सोयाबीन-गुरांचा मुलूख, आणि मोठा व्यावसायिक संघ एकही नाही. ना एनएफएल, ना एनबीए, ना मेजर लीग बेसबॉल. त्यामुळे राज्याचं सगळं खेळवेड एकाच मैदानात उतरतं. ३० ऑगस्ट २०२३ रोजी याच मैदानावर जाळं बांधून विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना ठेवला, तर ९२,००३ माणसं आली. हे वेड नुसतं फुटबॉलचं नाही हे त्या दिवशी दिसलं. पण दुखणं फुटबॉलचंच आहे.

वैभव किती होतं? बॉब डेव्हेनी १९६२ मध्ये वायोमिंगहून आले. आदल्या वर्षी संघ ३-६-१ होता, म्हणजे तीन विजय, सहा पराभव, एक बरोबरी. त्यांनी अकरा हंगामांत १०१ सामने जिंकले, २० हरले, आणि १९७० व १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदं आणली. मग त्यांचा सहायक टॉम ऑस्बर्न. १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं, २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ ची विजेतेपदं, त्यातलं शेवटचं मिशिगनसोबत वाटून. १९९३ ते १९९७ या पाच वर्षांत ६० विजय आणि ३ पराभव. १९९५ च्या संघाने बारापैकी बारा सामने जिंकले, सगळ्यात निसटता विजय चौदा गुणांनी होता, आणि अंतिम सामन्यात फ्लोरिडाचा ६२-२४ असा चुराडा केला. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम संघ कोणता, या वादात हे नाव अजूनही पहिल्या दोन-तीनांत येतं.

हे कसं घडलं, याचं लिंकनमधलं ठरलेलं उत्तर म्हणजे कष्ट, संस्कृती, शेतकऱ्यांची पोरं. उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. नेब्रास्काचा संघ हे त्या काळच्या नियमांच्या फटींत नेमकं बसवलेलं यंत्र होतं, आणि त्याचे भाग एकेक करून पाहिले तर पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

पहिला भाग वजनांच्या खोलीतला. १९६९ च्या सुमारास विद्यापीठात बॉइड एपली नावाचा पोल व्हॉल्टर होता. पाठीच्या दुखापतीमुळे तो वजनं उचलायचा, आणि त्याचं बघून जखमी फुटबॉलपटूही उचलायला लागले. ते परत मैदानात आले ते आधीपेक्षा दणकट होऊन. हे ऑस्बर्नच्या नजरेत आलं. त्या काळी बहुतेक प्रशिक्षकांची पक्की समजूत अशी, की वजनांनी खेळाडू जखडतो आणि मंदावतो. डेव्हेनींनाही तीच शंका होती. कुणी मंदावला तर एपलीची नोकरी जाईल अशा बोलीवर त्यांनी परवानगी दिली. कॉलेज फुटबॉलला पगारी स्ट्रेंथ कोच मिळाला तो असा. पुढची दहा-पंधरा वर्षं नेब्रास्काची आक्रमणाची फळी समोरच्यांपेक्षा सरळसरळ ताकदवान होती. पण हे गुपित टिकण्यासारखं नव्हतंच. एपलीच्या हाताखाली तयार झालेली माणसं देशभर गेली, आणि १९९० पर्यंत प्रत्येक मोठ्या विद्यापीठात तशीच खोली, तीच रॅक, तेच तक्ते.

दुसरा भाग ‘वॉक-ऑन’ मुलांचा. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःची फी भरून संघात येणारा. १९७३ मध्ये शिष्यवृत्त्यांवर १०५ ची मर्यादा आली, १९७८ मध्ये ती ९५ झाली, आणि १९९४ पर्यंत ८५. इतरांसाठी ही कात्री होती. नेब्रास्काने मात्र ब्रेनर्डसारख्या छोट्या गावांतून, जिथे शाळेत अकरा मुलं जमत नाहीत म्हणून आठ-आठ जणांचं फुटबॉल खेळतात अशा भागांतून, मुलं बोलावली. दोन-तीन वर्षं वजनांच्या खोलीत, मग सरावाच्या संघात, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी खरोखर मैदानात. ब्रेनर्डचाच जोएल माकोविका असाच येऊन विजेत्या संघाचा फुलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन मधून घुसणारा दणकट गडी, झाला. नव्वदच्या दशकात संघात दीडशेच्या वर पोरं असायची.

दीडशे पोरं कशाला? बाहेरून बघणाऱ्याच्या नजरेतून निसटतं ते हेच. तालमीत मुख्य मल्लाला रोज घाम काढणारी जोड लागते, आणि जोड जितकी जास्त तितका मल्ल तयार. ऑस्बर्नच्या सरावात एकाच वेळी मैदानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत चार-चार ठिकाणी डाव चालायचे. इतर विद्यापीठांत पहिला संघ खेळतो आणि बाकीचे हात बांधून उभे राहतात; इथे तिसऱ्या फळीतला लाइनमनही (पुढच्या ओळीत उभा राहून अडवणारा) दिवसभरात पहिल्या फळीइतकेच डाव खेळायचा. १९९१ पासून सरावावर आठवड्याला वीस तासांचं बंधन आलं, तेव्हा तर या पद्धतीची किंमत आणखी वाढली, कारण तास सगळ्यांना सारखेच आणि त्यात बसवलेले डाव इथे दुप्पट. मग एखादा जखमी झाला तरी त्याच्या जागी येणारा तीन वर्षं तेच पाऊल टाकत आलेला असायचा.

आणि ते पाऊल अवघड होतं. नेब्रास्काचा हुकमी डाव म्हणजे ऑप्शन. चेंडू क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, हातात येतो, तो फुलबॅकच्या पोटाशी नेतो, पण डोळे असतात समोरच्या एका बचावपटूवर, ज्याला मुद्दामच कुणी अडवलेलं नसतं. तो आत, फुलबॅकवर झेपावला की चेंडू काढून घ्यायचा. बाहेर सरकला की देऊन टाकायचा. चेंडू हातात राहिला तर बाहेर पळायचं. तिथे दुसरा मोकळा बचावपटू. तो अंगावर आला की शेजारून धावणाऱ्या आयबॅककडे चेंडू फेकायचा. दोघांत अंतर चार-पाच यार्ड, आयबॅक किंचित मागे. अंतर कमी पडलं तर एकच बचावपटू दोघांना पुरतो, जास्त झालं तर चेंडू हवेत तरंगतो आणि कुणीही झडप घालतो. निर्णय अर्धा सेकंद आधी घेतला तर बचावपटू फसत नाही, अर्धा सेकंद उशिरा घेतला तर बरगडी शेकते.

यातली खरी मेख हिशेबाची आहे. दोन बचावपटूंना न अडवताच बाद केल्यामुळे उरलेल्यांना अडवायला दोन माणसं जादा मिळतात. शिवाय कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्क (ज्या दोन रेघांच्या दरम्यान चेंडू ठेवून डाव सुरू होतो) एकमेकांपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजात चेंडू एका कडेला असला की दुसऱ्या बाजूला शंभर फूट रान मोकळं. ऑप्शन धावतो तो त्या रानात. बचाव त्या बाजूला सरकला, की मधून ट्रॅप, काउंटर यांसारखे फसवे डाव आणि दणकट फुलबॅक. १९९५ मध्ये हा संघ धावून धावून सामन्याला सरासरी ४०० यार्ड काढत होता. आणि हे सगळं अशा मुलांकडून, ज्यांना फेकीचा खेळ खेळणाऱ्या मोठ्या विद्यापीठांनी फारसं विचारलंही नसतं. टॉमी फ्रेझियरसारखा क्वार्टरबॅक फ्लोरिडातल्या ब्रेडेन्टनहून नेब्रास्काच्या थंडीत आला, कारण त्याच्या पायांभोवती आक्रमण उभं करायला तयार असलेली ठिकाणं मोजकीच होती.

उरलेले दोन भाग झटकन सांगून टाकू. एक, टीव्ही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमाच्या खटल्यात एनसीएए या कॉलेज खेळांच्या देशव्यापी संघटनेची टीव्हीवरची मक्तेदारी मोडली. त्याआधी आठवड्याला मोजकेच सामने दिसत आणि त्यांत नेब्रास्का वारंवार असे. दूरच्या राज्यांतल्या मुलांना लिंकन माहीत असण्यात त्याचा मोठा वाटा होता. आता सगळे सगळीकडे दिसतात. दुसरा भाग नियमांचा: शाळेतले गुण किंवा प्रवेशपरीक्षा यांतलं एकच पुरेसं असलेली मुलं, ज्यांना ‘पार्शल क्वालिफायर’ म्हणत. नेब्रास्का त्यांना घ्यायचा, पहिलं वर्ष बाहेर बसवायचा, अभ्यासाला शिक्षक द्यायचा, आणि त्यांतले बरेच जण पदवी घेऊन बाहेर पडायचे. टेक्सासची विद्यापीठं येऊन बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स झाली, तेव्हा ही वाट जवळपास बंद करण्याचा ठराव आला. मतदान ११ विरुद्ध १ झालं.

म्हणजे १९९७ साली ऑस्बर्न पायउतार झाले, तेव्हा यंत्राचे निम्मे भाग आधीच झिजलेले होते. विजयांमुळे खडखड ऐकू येत नव्हती, इतकंच.

एक गोष्ट मात्र लिंकनची आठवण सोयीस्करपणे गाळते. ऑस्बर्नचं यंत्र कधीच स्थिर नव्हतं. सत्तरच्या दशकात त्यांचा संघ बऱ्यापैकी फेकीवर खेळायचा. ओक्लाहोमाकडून पहिली पाचही वर्षं हरल्यावर, त्यांच्या धावत्या क्वार्टरबॅकपुढे आपला टिकत नाही हे पाहून, १९८० च्या सुमारास त्यांनी ऑप्शन उचलला. उसनाच म्हणा ना. १९८८ च्या जानेवारीपासून १९९४ च्या जानेवारीपर्यंत सलग सात बोल सामने (हंगामाअखेरचे निमंत्रणाचे सामने) हरले, त्यातले बरेच फ्लोरिडातल्या चपळ संघांविरुद्ध. तेव्हा ‘ऑस्बर्न संपले, हा खेळ जुना झाला’ हे उघड बोललं जात होतं. त्यांनी बचाव पाच-दोनवरून (पुढच्या फळीत पाच, त्यामागे दोन) चार-तीनवर आणला, सगळ्यात मागच्या सेफ्टींना मधल्या फळीतले लाइनबॅकर केलं, लाइनबॅकरांना पुढच्या फळीत ढकललं. शंभर किलोच्या जागी नव्वद किलोचा पण पळणारा माणूस. तीन विजेतेपदं त्यानंतरची आहेत. ज्याला आज परंपरा म्हणतात तो खरं तर वीस वर्षांच्या दुरुस्त्यांमधला शेवटचा फोटो आहे.

त्या फोटोत लॉरेन्स फिलिप्सही आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झालेला हा आयबॅक काही आठवड्यांनी संघात परत घेतला गेला, आणि अंतिम सामन्यात १६५ यार्ड धावला. त्याला संघाची शिस्त मिळाली नाही तर तो वाया जाईल, असं ऑस्बर्नचं म्हणणं होतं. तो वाया गेलाच. २०१६ मध्ये तुरुंगात मेला. त्या मुलीचं काय झालं हे मात्र जुन्या दिवसांच्या गप्पांत कुणी काढत नाही. ‘ते दिवस परत आणा’ म्हणताना त्यांतलं काय काय आणायचं, हेही एकदा बोललं पाहिजे.

उतार २३ नोव्हेंबर २००१ ला दिसला. नेब्रास्का अपराजित, क्वार्टरबॅक एरिक क्राउच त्या वर्षी हाइसमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकणार, आणि बोल्डरमध्ये कोलोरॅडोने ६२-३६ असं लोळवलं. पुढच्या वर्षी ७-७. २००३ मध्ये नऊ विजय आणि तीन पराभवांवर ऑस्बर्ननंतरचे प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढलं. ५८-१९ अशी कारकीर्द असलेला, ऑस्बर्नने निवडलेला माणूस. हा निर्णय म्हणजे सगळ्या पापांचं मूळ, असं मानणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. निदान बरोबर होतं, औषध भलतं होतं. एनएफएलमधून बिल कॅलहन आले, जाडजूड फेकीचं पुस्तक घेऊन. वॉक-ऑन मुलांची भरती आटली, सरावातली जोड गेली. २००४ मध्ये टेक्सास टेककडून ७०-१०. पस्तीस वर्षांची बोल सामन्यांची साखळी त्याच वर्षी तुटली. २००७ मध्ये कॅन्ससकडून ७६-३९. एक झिजलेलं यंत्र काढून त्या जागी दुसऱ्या कारखान्यातलं, वेगळ्या व्होल्टेजवर चालणारं बसवलं गेलं.

मग बो पेलिनी. ६७-२७. सात वर्षं दरवर्षी नऊ किंवा दहा विजय, आणि बोल सामना धरून दरवर्षी बरोबर चार पराभव. २००९ च्या बिग ट्वेल्व्ह अंतिम सामन्यात टेक्सासविरुद्ध घड्याळ शून्यावर आलं, नेब्रास्काची माणसं मैदानात धावली, पंचांनी एक सेकंद परत टाकला, आणि टेक्सासची ४६ यार्डांवरून मारलेली किक गोलात गेली. १३-१२. नेब्रास्काचा बचावपटू नडामुकोंग सू त्या दिवशी एकटा साडेचार सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट लोळवणं) काढून बसला होता. पेलिनींचा तोंडाळपणा हे काढण्याचं एक कारण होतं हे मान्य. पण नऊ विजयांना कंटाळलेल्या गावाला पुढे २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं हरण्याचे हंगाम बघावे लागले. दरम्यान २०११ मध्ये बिग टेनमध्ये जाणं झालं. पैसा भक्कम आला, टेक्साससोबतचे सामने गेले, आणि टेक्सासच्या शाळांतली जुनी वहिवाटही गेली.

२०१८ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट आले, तेव्हा नवस फेडल्यासारखं वातावरण होतं. गावचा मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, आदल्याच वर्षी सेंट्रल फ्लोरिडाला १३-० नेलेला. शेवटी हिशेब १६-३१. पण नुसता आकडा त्या पाच वर्षांबद्दल काही सांगत नाही. २०२१ चा हंगाम घ्या. बारा सामने, तीन विजय, नऊ पराभव, आणि नऊच्या नऊ एक आकडी फरकाने. बारा सामन्यांत नेब्रास्काने ३३५ गुण केले, समोरच्यांनी २७२. त्रेसष्ट गुण जास्त करून ३-९!

हे कसं होतं ते पाहायला २५ सप्टेंबर २०२१ ची ईस्ट लॅन्सिंगमधली एक किक पुरेशी आहे. मिशिगन स्टेटविरुद्ध शेवटची चार मिनिटं, नेब्रास्का २०-१३ ने पुढे. दुसऱ्या अर्धात समोरच्यांना एक फर्स्ट डाऊनही, म्हणजे दहा यार्डांची एक मजलही, मिळालेला नाही. पंट मारून चेंडू लांब टाकायचा, बचाव पुन्हा अडवेल, सामना खिशात. ठरलेली दिशा उजवी. दहा जण उजवीकडे धावले. किक गेली डावीकडे. तिथे जेडन रीड एकटा उभा, समोर रिकामी कड, ६२ यार्ड, टचडाऊन. ओव्हरटाइममध्ये २३-२०. पंटचं गणित असं, की किकचं अंतर एकटं काही कामाचं नाही. चेंडू हवेत जितका वेळ राहतो तितक्या वेळात दहा माणसांनी पंख्यासारखं पसरून दोन्ही कडा बंद करायच्या असतात, आणि त्यासाठी दहाही जणांना चेंडू कुठे पडणार हे आधीच माहीत असावं लागतं. या पथकात मुख्य खेळाडू फारसे नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या फळीतली, वर्षानुवर्षं एकच काम करणारी मुलं असतात. एकेकाळी जी दीडशेच्या गर्दीतून यायची, ती.

पुढच्या ऑगस्टमध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ ने पुढे असताना फ्रॉस्ट यांनी अचानक आखूड ऑनसाइड किक, म्हणजे आपणच चेंडू परत मिळवण्याचा जुगार, मारायला लावली. चेंडू समोरच्यांना मिळाला, सामनाही: ३१-२८. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२, आणि दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्मी झाली असती. थांबण्याची कुणाची ताकद नव्हती. एका टप्प्याच्या, म्हणजे आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्यांत फ्रॉस्ट यांचा हिशेब ५-२२. असे सामने साधारण निम्मे-निम्मे सुटतात. सत्तावीसमध्ये पाच हे निव्वळ दुर्दैवाने होत नाही.

तर परत येता येतं का? येतं, इतिहास साक्षीला आहे, पण साक्षीदार नीट तपासावे लागतात. अलाबामा १९९२ नंतर भरकटला होता, २००७ मध्ये निक सेबन आले. ओक्लाहोमा नव्वदच्या दशकात रसातळाला, २००० मध्ये विजेता. मिशिगन २०२३ मध्ये. या सगळ्यांच्या अंगणात किंवा शेजारच्या राज्यात दरवर्षी डझनावारी अव्वल खेळाडू पिकतात. योग्य माणूस आला की विहिरीत पाणी असतंच. नेब्रास्काच्या विहिरीत ते कधीच पुरेसं नव्हतं; पाणी दूरवरून आणलं जात होतं. त्याची खरी तुलना मिनेसोटाशी. १९३४ ते १९४१ मध्ये पाच राष्ट्रीय विजेतेपदं, १९६० मध्ये आणखी एक, आणि १९६७ नंतर बिग टेनचं वाटून घेतलेलं पदही नाही. शिकागो विद्यापीठाचं तर विचारूच नका. पहिला हाइसमन १९३५ मध्ये त्यांच्या जे बर्वँगरला मिळाला, चार वर्षांनी त्यांनी फुटबॉलच बंद केलं, आणि १९४२ मध्ये त्या रिकाम्या स्टॅग फील्डच्या गॅलरीखाली जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी पेटली. वैभव सोडून देण्याचा यापेक्षा जंगी प्रकार दुसरा नसेल.

इथपर्यंतचा निकाल नेब्रास्काच्या विरुद्ध जातो. पण मग इंडियाना येतं आणि मांडलेला पट उधळतं. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त पराभव ज्यांच्या नावावर होते, त्या इंडियानाने २०२३ च्या ३-९ नंतर कर्ट सिग्नेटींना आणलं. ते जेम्स मॅडिसन विद्यापीठातून डझनभर कसलेली मुलं सोबत घेऊन आले. पहिल्याच वर्षी ११-२. त्यात १९ ऑक्टोबर २०२४ ला नेब्रास्कावर ५६-७. दुसऱ्या वर्षी १६-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. ना परंपरा, ना अंगणातलं पीक. २०२१ पासून विद्यापीठ बदलताना वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, खेळाडूंना आपलं नाव जाहिरातींत वापरू देण्याचे पैसे घेता येतात, आणि एका न्यायालयीन तडजोडीमुळे २०२५ पासून विद्यापीठ स्वतःच खेळाडूंमध्ये पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तेवीस वर्षांचा, दोन-तीन हंगाम खेळून मुरलेला लाइनमन आता बाजारात मिळतो. नेब्रास्काला तो घडवायला पाच वर्षं लागायची. लिंकनकडे पैसा आहे, नवी इमारत आहे, गर्दी तर आहेच. मग इंडियानाला जमलं ते यांना का नाही?

याच तडजोडीने आलेला दुसरा नियम मात्र जिव्हारी लागतो. शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, पण संपूर्ण संघच १०५ जणांचा झाला. १९७३ चाच आकडा, अर्थ उलटा. तेव्हा १०५ शिष्यवृत्त्या आणि वर कितीही पोरं. आता १०५ म्हणजे १०५. २०२३ पासूनचे मुख्य प्रशिक्षक मॅट रूल यांनी आल्यापासून वॉक-ऑन मुलांची गर्दी पुन्हा जमवली होती, तिलाच कात्री लागली. ब्रेनर्डच्या मुलाने यायचं तर आता पहिल्या एकशेपाचांत यायचं. चार ठिकाणी सराव, तीन वर्षांची शिकाऊ उमेदवारी, हे सगळं नियमानेच इतिहासजमा झालं. जुनं यंत्र दुरुस्त करण्याचा प्रश्नच उरला नाही, हा माझ्या मते एका अर्थी मोठा सुटकेचा भाग आहे. फक्त लिंकनला ते अजून मान्य करायचंय.

रूल यांची ख्याती सावकाश बांधण्याची. टेम्पलला २-१० वरून दोन वर्षांत दहा विजय, बेलरला १-११ वरून दोन वर्षांत ११-३. नेब्रास्कात ५-७, मग ७-६ आणि २०१६ नंतरचा पहिला बोल सामना, त्यात बॉस्टन कॉलेजवर २०-१५ ने विजय. तिसऱ्या वर्षी, जेव्हा त्यांचे संघ उसळी मारतात, तेव्हा पुन्हा ७-६. नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी क्वार्टरबॅक डिलन रायोलाचा पाय मोडला, पुढे तो ओरेगॉनला निघून गेला. पूर्वी अशी मोठी भरती म्हणजे चार वर्षांची बेगमी असायची. आता ती वर्षाच्या कराराची चीज आहे. सावकाश बांधायचं तर विटा जागेवर राहायला हव्यात. म्हणून रूल यांच्या जुन्या यशावरून पुढचा अंदाज बांधणाऱ्यांशी मी सहमत नाही. टेम्पल आणि बेलर नव्या नियमांच्या आधीचे.

माझा अंदाज असा: बारा संघांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, नेब्रास्का येत्या काही वर्षांत एकदा पोचेल. एखादा अनुभवी क्वार्टरबॅक, बाजारातून आणलेले तीन लाइनमन, चार निसटते सामने या बाजूला. इंडियानानंतर हे अशक्य म्हणायची सोय नाही. पण सलग तेहतीस हंगाम नऊ विजय, जे १९६९ ते २००१ मध्ये घडलं, ते कुणाचंच पुन्हा होणार नाही. ज्या गावाने नऊ विजयांवर दोन प्रशिक्षक काढले, त्याला एक मोठं वर्ष आणि मग पुन्हा सात-सहा हे पचेल का, याबद्दल मी साशंक आहे.

आता हंगाम बघायचा असेल तर सप्टेंबरमधले पन्नास-पन्नास गुण बघू नयेत, ते फ्रॉस्ट यांच्या संघानेही केले होते. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा आयोवाविरुद्धचा सामना बघावा. त्या राज्याचीही वस्ती लहान, तिथेही अव्वल खेळाडूंचं पीक बेताचंच, तरी एकच पद्धत वर्षानुवर्षं: घट्ट बचाव, लांब पंट, चुका समोरच्याला करू द्यायच्या. २०१८, २०१९, २०२३ आणि २०२४ असे चार सामने आयोवाने अगदी शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारून जिंकले. शेवटचे दोन्ही १३-१०. २०२५ मध्ये तर तेवढी वेळही आली नाही, ४०-१६. त्या सामन्यात चौथ्या प्रयत्नाला नेब्रास्काचा पंटर मैदानात येईल, तेव्हा चेंडूकडे न बघता त्याच्यासोबतच्या दहा जणांकडे बघावं, ते कुठल्या बाजूला धावतात ते.